बदली खेळाडूची बदली

"आमच्या संघात कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही, आम्ही एक कुटुंब आहोत," असं पत्रकारांना ठणकावून ओमाहाच्या बास्केटबॉल संघाचे मॅनेजर प्रुइटसाहेब केबिनकडे आले, तर कुटुंबातलाच एक बदली खेळाडू दुसऱ्या संघात पाठवा म्हणून दारात उभा.

"साहेब, एकतीस सामने जॅकेट घालून बाकावर बसून काढले. आता मुलगी विचारते, बाबा, तुमच्याकडे जॅकेट काढायची परवानगी नसते का?"

साहेबांना गलबलून आलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लॉनी, अरे, नाताळच्या सामन्यात शेवटच्या सेकंदाला तू टाकलेला बास्केट मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुझं मन मोडून तुला ठेवणार नाही. आजच बदलीचं पत्र काढतो."

"तो बास्केट लॉनीचा, साहेब. मी बाकावरून टॉवेल हलवत होतो."

साहेबांचा हात खांद्यावरच राहिला. काढावा तरी लाज, ठेवावा तरी लाज.



"तेवढं पत्रावर डेस्मंड लिहा, साहेब. नाहीतर लॉनी जायचा आणि मी इथेच."