फरशीवरून

थोरली बहीण स्वयंपाकघरात फरशीवर गाल टेकून किटलीचा फोटो काढत होती. धाकटीचा नवरा चहाचे दोन कप घेऊन दारातच थबकला.

“ताई, गार लागेल. चटई देऊ?”

“नको, मास्तर. तिच्या अंगाखाली कुठे चटई होती?”

ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळी सासुरवाडी त्यांना मास्तर म्हणे. कुणाची रेष जराशी तिरकी गेली की त्यांना चैन पडत नसे. स्वतःच्या लग्नात फोटोग्राफरला बाजूला सारून त्यांनी सगळ्या पाहुण्यांना उंचीप्रमाणे उभं केलं होतं!

थोरली भांड्यांच्या कॅटलॉगसाठी फोटो काढायची. आयुष्यभर तिने किटल्या समोरून काढल्या. पण दोन महिन्यांपूर्वी धाकटी इथेच पाय घसरून पडली, डोक्याला मार बसला आणि गेली. तेव्हापासून थोरलीला एकच प्रश्न छळत होता. आपल्या बहिणीने शेवटी काय पाहिलं असेल? आणि किती वेळ?

थोरलीला सांगितलं गेलं होतं ते असं: शेजारीणबाई आत आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. मास्तर शाळेत होते. निरोप मिळाल्यावर ते थेट हॉस्पिटलातच पोचले.

“क्षणात गेली हो, ताई,” ते आजही म्हणाले. “तिला काही कळलंसुद्धा नाही.”

या एका वाक्याच्या आधारावर थोरलीच्या घशाखाली घास उतरत होता.

खालून मात्र ओळखीचं घर ओळखू येत नव्हतं. किटली कपाटाएवढी झाली होती. ओट्याची कड अंगावर येत होती. टेबलाच्या पोटाला जळमटं लोंबत होती, धाकटीने कधी खपवून घेतली नसती अशी. थोरलीला भीती वाटली. तिने उठून बसत कॅमेरा पुढे केला.

“हे बघा. हेच दिसलं असेल ना तिला?”

मास्तरांनी कप खाली ठेवले. डोळे पुसले, चष्मा चढवला. बराच वेळ ते फोटो पाहत राहिले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली, वर्गात पडायची तशी.

“कोन चुकलाय. परत आडव्या व्हा बघू. डोकं इतकं पुढे नको. मागे… अजून वीतभर. आता मान उजवीकडे.”

थोरली सांगितल्याप्रमाणे सरकली. टेबलाच्या पायांमधून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसू लागलं.

“हां, आता बरोबर,” मास्तर म्हणाले. “त्या घड्याळाकडेच बघत होती. सारखी विचारत होती, डॉक्टर अजून कसे आले नाहीत म्हणून.”