डोक्यातलं पाणी

कावेरीबाई पुन्हा उंबऱ्यावर अडकली होती. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. देविदासने तिचा हात धरला.

"उचला की पाय."

"आवो, उचलूनच राहिले." पाय हलला नाही.

"काका, बायकोला अहोजाहो?" जिन्यावरून सत्यशीला हसली. मेडिकलच्या क्लाससाठी ती धर्माबादहून लातूरला आली होती, त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. "काकूला मोठ्या डॉक्टरला दाखवा. रोज मला विचारतात, तू कुणाची गं?"

भूकंपात माळवद कोसळून कावेरीबाईच्या डोक्याला मार लागला होता. देविदासनेच तिला ढिगाऱ्यातून ओढून काढलं. डोळे उघडताच ती "आवो" म्हणाली आणि त्याने ओ दिली. घरातलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. दोघं लातूरला आले. तो तिची वेणी घालायचा, तिला भरवायचा. झोपायला मात्र ओसरीत. तिची झोप मोडते, म्हणायचा.

डॉक्टरने फोटो उजेडापुढे धरला. मेंदूच्या मधोमध काळं तळं दिसत होतं.

"पाणी साठलंय. त्याच्या दाबानं चाल जाते, आठवण जाते, माणसांची ओळख चुकते. नळी घालून ते पोटात सोडू."

"समदं आठवंल त्यांना?"

"बरंचसं आठवेल."

देविदासने विचारलं, "अन् न्हाई केलं तर?"

"अंथरुणाला खिळतील. मग फार दिवस नाहीत."

"काका, भिऊन राहिले का?" सोबत आलेल्या सत्यशीलाने हळूच विचारलं.

"हाव," तो म्हणाला. मग डॉक्टरकडे वळला. "करा."

ऑपरेशननंतर काही दिवसांनी कावेरीबाई खाटेवरून उठली. एकटी. पाऊल उचलत, ठेवत खिडकीपर्यंत गेली. देविदास दारातच थिजला. एवढंसं पाणी हटलं आणि माणूस परत आलं होतं. ती सत्यशीलाला नावाने हाक मारत होती. बाहेर बघून म्हणाली, "तूर फुलली असंल आता."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलं नाही.

सत्यशीलाने त्याला हाताला धरून आत आणलं. "आता ह्यांना ओळखा बरं, काकू. कोण हायेत हे?"

"येडी हायेस का गं," कावेरीबाई हसली. "ह्यांना न ओळखायला काय झालं?"

तिने पदर सावरला आणि देविदासच्या मागे, रिकाम्या दाराकडे पाहिलं.

"भावजी, एकटेच आलात? तुमचे दादा न्हाई आले?"