डाव्या पायातले जोडवे

व्याधी निश्चित असली, की रुग्णाच्या वाट्याला निदान करुणा तरी येते. असेल-नसेल अशा व्याधीत त्याला आधी स्वतःचा खरेपणाच सिद्ध करावा लागतो. अकोल्याच्या एमआरआय केंद्रातील बाकावर शकुन त्याच कसोटीला बसली होती.

पोळ्यापासून तिचा डावा पाय बधिर होता. मध्यंतरी एका डोळ्यापुढे धुके दाटले आणि आपोआप विरले. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले होते, "मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जासंस्थेचा आजार. असू शकेल, नसूही शकेल." पती देवमन कापसाच्या वेचणीत गुंतलेला, म्हणून दर्यापूरहून सासूबाई, पार्वताबाई, सोबत आल्या होत्या. बसमध्ये त्यांचे तोंड क्षणभर मिटले नव्हते.

"हात धड, पाय धड, अन् म्हणे बिमारी! वेचणी आली का बराबर पाय सुन्न होते हिचा."

शकुनला दोन्हीकडून भय होते. यंत्राने दोष दाखवला, तर जन्माचे दुखणे. न दाखवला, तर सासूचा बोल खरा.

"अंगावरचं धातूचं सगळं काढा. जोडवीसुद्धा," परिचारिका म्हणाली.

लग्नात पार्वताबाईंनी आपल्या हातांनी घातलेली ती जोडवी आता बोटांत रुतून बसली होती. शकुनला वाकवेना.

"सरक," म्हणत म्हातारी खाली बसली. सुनेच्या पायांना लग्नानंतर तिने प्रथमच हात लावला. पिशवीतले खोबरेल बोटांना चोळले आणि उजवे जोडवे ओढले.

"आई वं!"

"एवढ्याशानं मेली काय, बाप्पा!"

मग डावे. ते अधिकच घट्ट होते. पिरगाळून ओढताना कातडी सोलली, रक्त आले. शकुन समोरच्या भिंतीकडे पाहत शांत बसली होती.

पार्वताबाई थबकल्या. जोडवे त्यांच्या मुठीत होते.

"आत्याबाई," शकुन ओशाळून म्हणाली, "निंगत नाई काय?"

म्हातारीने पदराची किनार फाडून ते बोट बांधले. वर हळूच फुंकर घातली. बोटाला तीही कळली नाही.

तपासणीनंतर केंद्रातल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "स्पष्ट असं काही दिसत नाही. पण आजार नाहीच, असंही म्हणता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

शकुनची मान खाली गेली.

"तुमच्या मशीनले समजन तवा समजन, साहेब," पार्वताबाई म्हणाल्या. "मले समजलं." मग सुनेकडे वळल्या. "चाल पोरी, माह्या खांद्यावर हात ठेव. अन् जोडव्याचं इचारलं कोनी, तं सांग, सासूच्या पदराले बांधून हायेत."

त्या खांद्याला बळ लाभो. त्या पावलाला पुन्हा वाट जाणवो.