परक्या यंत्रातला कॉलम

बाबा प्रयोगशाळेच्या दारात उभे होते, आणि त्यांना ‘बाबा’ म्हणायचं नाही असं तिने सकाळपासून स्वतःला बजावलं होतं.

“या सर,” ती म्हणाली.

“नमस्कार, मॅडम,” बाबा म्हणाले आणि पांढरा कोट अंगात चढवू लागले.

त्यांच्या मागोमाग कंपनीचे मॅनेजर आत आले. तिचे साहेब आधीच यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसले होते. फेरतपासणीला कंपनीकडून आपले वडीलच येणार आहेत, हे तिने त्यांना सांगून टाकलं होतं. “मग मी स्वतः समोर बसतो,” एवढंच ते म्हणाले होते.

प्रकरण तसं साधं होतं. सरकारी तपासणीत बाबांच्या कंपनीची रक्तदाबाची गोळी तिच्याकडे आली होती. गोळीचं द्रावण कॉलममधून, म्हणजे बारीक पूड ठासून भरलेल्या वीतभर स्टीलच्या नळीतून, दाबाने ढकलायचं. त्यातला एकेक पदार्थ सुटा होऊन बाहेर पडतो आणि पडद्यावर त्याचा उंचवटा उमटतो. त्याला सगळे पीक म्हणतात. “गॅलरीत एक कुंडी नाही आणि बापलेक जेवताना पिकांच्या गोष्टी करतात,” असं आई म्हणायची. गोळीत औषध एकच, तेव्हा पीकही एकच यायला हवं. तिला दोन दिसली. दुसऱ्या पदार्थाचं तिथे काही काम नव्हतं.

कंपनीने हरकत घेतली. तपासणीसाठी आम्ही पाठवलेला हा कॉलम आमच्या यंत्रावर चालतो, तुमचं यंत्र वेगळ्या घडणीचं. फिटिंग नीट बसलं नाही की आत पोकळी राहते, आणि पोकळीत घुटमळून एकाच औषधाची दोन पिकं दिसतात. हरकत अगदीच पोकळ नव्हती. शुद्ध औषध चालवलं तेव्हाही तिचं पीक जरा फुगीर आलं होतं.

हरकत टिकली तर तिचा रिपोर्ट रद्द. रिपोर्ट टिकला तर गोळी दुकानादुकानांतून परत मागवायची आणि कारखान्याला टाळं. बाबांची उभी हयात त्या कारखान्यात गेली होती. रिपोर्ट गेल्यापासून ते तिच्याशी धड बोलले नव्हते. मागे ती घरी गेली, तर जेवण उरकताच ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. “जाऊ दे, रागात आहेत,” आई म्हणाली होती.

“काका, आपला कॉलम ह्या यंत्राला चालत नाही, एवढं दिसलं की झालं,” मॅनेजर हसत म्हणाले.

“बघू या,” बाबा म्हणाले.

त्यांनी तिचं फिटिंग सोडवलं आणि यंत्रातून कॉलमकडे येणाऱ्या बारीक नळीचं टोक उजेडात धरलं. त्या टोकाशी स्टीलची एक इवलीशी कडी असते. एकदा आवळली की ती तिथेच रुतते, पुढे-मागे होत नाही.

“ही कडी दुसऱ्या कॉलमवर आवळलेली दिसते, मॅडम. आमच्या कॉलमचं भोक जास्त खोल आहे. तुमचं टोक तळाला टेकतच नाही.”

“हो सर.” तिचे कान तापले. शाळेत असताना गणित चुकलं की ते ह्याच आवाजात बोलायचे.

“म्हणजे आमचं म्हणणं खरं ठरलं,” मॅनेजर साहेबांकडे वळले. “इथेच थांबलं तरी चालेल, काका.”

“आलोच आहे तर अर्धवट कशाला ठेवायचं?” बाबा म्हणाले. “नवी नळी आणि नवी कडी द्या, मॅडम. असं बसवतो की उद्या कोणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही.”

त्यांनी नळी कॉलमच्या तळापर्यंत दाबली आणि तशीच दाबून धरत पाना फिरवला. दुसऱ्या टोकालाही तेच केलं. मग साहेबांना जवळ बोलावलं. “कुठे गळत नाही ना, तुम्हीच बघून घ्या.” मॅनेजरनी उगाच रुमालाने मान पुसली.

आधी शुद्ध औषध चालवलं. पीक एकच आलं, सुईसारखं सरळ.

“वा!” साहेब म्हणाले. “म्हणजे कॉलम आता ह्या यंत्राला चालतो. सगळ्यांना मान्य?”

मॅनेजरना मान हलवावीच लागली.

मग गोळीचं द्रावण. चौघेही पडद्याकडे बघत बसले. रेघ बराच वेळ सपाट चालली. पहिलं पीक चढलं, उतरलं, रेघ तळाला टेकली आणि दुसरं चढू लागलं. आधीच्या तपासणीत दोन्ही एकमेकांना चिकटून होती. आता मधून बैलगाडी जाईल एवढी फट होती.

मॅनेजर फोन कानाला लावत बाहेर पडले. साहेब “चहाचं बघतो” म्हणून उठले. मुद्दामच उठले असावेत.

तिला बाबांकडे बघवेना. हातचं काम वाईट करायची त्यांना सवयच नव्हती, आणि आज त्याच हातांनी त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. मॅनेजर थांबा म्हणाले तेव्हा थांबले असते, तर सुटले असते.

“बाबा,” तिच्या तोंडून निघूनच गेलं. “पुन्हा एकदा चालवून बघू या का? कधी कधी…”

“नको गं, बाळ.” बाबांनी कोट काढला, त्याची सावकाश घडी घातली. “नवा कच्चा माल आल्यापासून आमच्याकडेही दोनच येतात. तुझ्या रिपोर्टात तेवढी फिटिंगचीच खोट राहिली होती.”