टर्बोचा पाइप

आत्माराम मेस्त्रींनी मस्कतहून आणलेली टर्बो गाडी धामापूरच्या चढावर दम टाकू लागली, म्हणून ते ती माझ्या पिंगुळीच्या गॅरेजात घेऊन आले. इंजिनात जोराने हवा कोंबणारा तो टर्बो फिरत होता, पण त्याची हवा इंजिनापर्यंत पोचत नव्हती. मधेच कुठेतरी जिरत होती.

मी टर्बो आणि इंजिन यांच्यामधला रबरी पाइप सोडवला. आत बुळबुळीत थर होता आणि त्याला चघळलेल्या पानाचा वास येत होता.

"शी! गाडीत पान खाऊन कोण थुकता हो?"

"आमच्या घरात कोण पान खाणा नाय रे," मेस्त्री म्हणाले.

पाइप साबणाने दोनदा धुतला, तरी वास जाईना. तो फुटलाय का ते बघायला आम्ही एक तोंड तळहाताने दाबतो आणि दुसऱ्यातून फुंकतो. मी तसाच पाइप ओठांना लावून फुंकला. हवा कुठूनच सुटली नाही. पाइप धड होता.

मी फुंकायचा थांबलो, तशी आतून कोमट फुंकर माझ्या घशात आली. मी किळसून थुंकलो. मी जन्मात पान खाल्लेलं नाही, पण थुंकी लाल होती.

"काय झाला रे?"

पाइपाच्या दुसऱ्या तोंडावर माझा तळहात तसाच होता, आणि आतून कुणीतरी तो चोखत होतं.