गोळीचा गुण

यकृत कडक झाल्यामुळे तिथल्या रक्तवाहिनीतला दाब वाढून वहिनींच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या होत्या. त्या फुटू नयेत म्हणून डॉक्टरांनी हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी दिली. पण गुण आला तो भलताच! धाकट्या दिराचा आवाज चढला की ज्यांच्या छातीत धडधडायचं आणि मान आपोआप होकारार्थी हलायची, त्या वहिनी आता त्याने पुढे केलेला कागद शांतपणे परत सरकवू लागल्या.

"हे गेल्यापासून शिवणाचं दुकान मी चालवलंय, भाऊजी. माझा वाटा तुमच्या नावावर होणार नाही."

"वहिनी कसली बोलतेय, गोळी बोलतेय ती," दीर बायकोला सांगायचा. "बंद होऊ दे, मग बघतो."

आणि खरंच बंद झाली. ब्लडप्रेशर फारच उतरायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीतून शिरा बांधल्या आणि गोळी थांबवली. आठवड्याभरात दीर कागद-पेन घेऊन दुकानात हजर! वहिनींची छाती पुन्हा धडधडू लागली, पेन धरलेली बोटं लटपटायला लागली.

"हं, करा इथे सही," त्याने कागदावर बोट टेकवलं.



"हात फार थरथरतोय हो, भाऊजी," म्हणत वहिनींनी पेन ठेवलं, कापडाची मोठी कात्री उचलली आणि कागद वरपासून खालपर्यंत कापला. "बघा ना, साधी रेघसुद्धा सरळ कापता येईना. सही कशी जमायची?"