ब्राउनीचा शेवटचा तुकडा

"तू इथे राहायला आलीस की स्वस्तात शिकायला, एवढंच मला कळायला हवंय," विद्यापीठाच्या फी-विभागातल्या आर्लिसबाई म्हणाल्या.

रोसाल्बाला टेक्सासहून मिनेसोटात येऊन वर्ष झालं होतं. इथलं लायसन्स, भाडेकरार, बेकरीतल्या नोकरीच्या पगाराच्या पावत्या, सगळं तिने टेबलावर मांडलं. राज्याची रहिवासी ठरली तर फी निम्मी, नाहीतर शिक्षण सोडून परतीची बस.

"कागद सगळ्यांचेच चोख असतात गं. मन कुठंय, ते त्यात दिसत नाही. डिग्री मिळाली की परत जाशील ना?"

"खरं सांगू? माहीत नाही."

बाईंनी सुस्कारा सोडला, फाइल बाजूला सारली आणि तिची समजूत काढायला म्हणून ब्राउनीचा डबा पुढे केला. सकाळपासून ऑफिसभर फिरून त्यात एकच तुकडा उरला होता.

"घे."

"नको, असू दे."

"अगं, घे."

"खरंच नको, तुम्हाला राहू दे."

"उगाच वाया जाईल."

"बरं, अगदी थोडीशी." रोसाल्बाने सुरी घेतली, तुकडा मधोमध कापला, अर्धा उचलला आणि अर्धा डब्यातच ठेवला.

बाईंनी फाइल पुन्हा जवळ ओढली आणि मंजुरीचा शिक्का मारला.

रोसाल्बा बघतच राहिली. "पण आत्ता तर तुम्ही..."

"शेवटचा तुकडा मिनेसोटात कुणी संपवत नाही. टेक्सासची असतीस तर अख्खी खाल्ली असतीस," बाई म्हणाल्या. मग त्यांनी उरलेल्या तुकड्याचे दोन केले, एक तोंडात टाकला आणि दुसऱ्यावर झाकण लावलं.